आईने सांगितले, मुलाने लिहिले

तुम्ही आता वाचायला शिकलात. एस.टी.ची पाटी वाचता येते. कांदा विकला, की हातात पडणारी हिशेबपट्टी वाचता येते. अंगठ्याच्या जागी आता सही आली. फार चांगले झाले.

पण घरात लहान पोरे आहेत. ती शाळेत जातात. त्यांचा विषय निघाला, की पुष्कळ जण म्हणतात, "आम्हाला काय येतंय पोरांना शिकवायला? ते मास्तरांचं काम." हे म्हणणे अर्धे खरे आहे. गणित, भूगोल मास्तरांनी शिकवावे. पण एक काम असे आहे, की ते शाळेपेक्षा घरी जास्त चांगले होते. रात्री भाकरी खाऊन झाली, की दहा मिनिटे पोरांना जवळ घ्यावे, एक चांगले पुस्तक वाचून दाखवावे, आणि ते कोणी लिहिले, का लिहिले, हे सांगावे. त्या कामासाठी या पाठात एका लेखकाची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव साने गुरुजी.

तुरुंगात लिहिलेले पुस्तक

निफाडहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की कसबे सुकेणे, खेरवाडी, ओढा ही स्टेशने मागे पडतात आणि नाशिकरोड येते. तिथे मोठा तुरुंग आहे. तुरुंग म्हटले, की आपल्याला चोर-दरोडेखोर आठवतात. पण इंग्रजांच्या राज्यात तिथे चांगली चांगली माणसेही कोंडलेली असत. देश स्वतंत्र व्हावा, म्हणून त्यांनी सरकारचा कायदा मोडलेला असे.

सन १९३३ साली साने गुरुजी त्या तुरुंगात होते. दिवसा तुरुंगातले काम करायचे. रात्री आणि पहाटे लिहायचे. ९ फेब्रुवारीला त्यांनी एक पुस्तक लिहायला घेतले आणि १३ फेब्रुवारीला ते संपवले. पाच दिवसांत पुस्तक पुरे झाले. त्याचे नाव 'श्यामची आई'. ते १९३५ साली छापून निघाले. तेव्हापासून आजपर्यंत मराठी घरांत ते वाचले जात आहे.

पाच दिवसांत एवढे पुस्तक कसे लिहून झाले? कारण ते डोक्यातून जुळवायचे नव्हते. मनात सगळे साठलेले होते. विहिरीला आधीच पाणी असले, म्हणजे फक्त मोट सोडायची बाकी असते. तसे झाले. आई जाऊन १५ वर्षे उलटली होती. पण आईने लहानपणी सांगितलेले शब्द मुलाच्या मनात जसेच्या तसे होते.

आता ध्यानात घ्या. या आईने पुस्तक लिहिले नव्हते. सभेत भाषण केले नव्हते. भांडी घासताना, भाजी निवडताना, मुलाला न्हाऊ घालताना ती जे बोलली, त्याचे पुस्तक झाले. म्हणून "आम्हाला काय येतंय?" असे कोणत्याही आईने किंवा बापाने म्हणू नये.

गुरुजी कोण होते?

त्यांचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. गाव पालगड. ते रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात आहे. म्हणजे कोकणात. वडिलांचे नाव सदाशिवराव, आईचे यशोदाबाई.

घराणे खोतांचे होते. खोत म्हणजे कोकणात गावचा सारा वसूल करणारा मोठा जमीनदार. पण गुरुजींच्या लहानपणी मोठेपणा फक्त नावाला उरला होता. भाऊबंदकी झाली. कर्ज झाले. कर्जावर व्याज चढले. शेवटी राहत्या घरावर जप्ती आली. या दुःखात आई खंगत गेली आणि १९१७ साली वारली. मुलगा शिकायला परगावी होता. १८ वर्षेही पुरी झाली नव्हती. आईची शेवटची भेट झाली नाही. हे शल्य त्यांना जन्मभर राहिले.

पुढे हालअपेष्टा सोसून ते शिकले. एम.ए. झाले. त्या काळी एम.ए. झालेल्या माणसाला मोठी नोकरी मिळत असे. गुरुजींनी १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तरकी धरली. निफाडहून लासलगाव, मनमाड, चाळीसगाव करत गाडी जळगावला जाते. तिथून सुरतेच्या रस्त्याला लागले, की अमळनेर येते.

शाळेच्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे होते. खेड्यापाड्यांतली मुले तिथे राहत. आईबाप दूर असत. गुरुजी त्यांची आई झाले. मुले शाळेत गेली, की त्यांची खोली झाडून ठेवत. मळके कपडे धुऊन टाकत. कोणी आजारी पडले, तर रात्रभर उशाशी बसत. मुलांसाठी ते हाताने लिहून एक वर्तमानपत्रही काढत. मुलांना रागे भरून वळण लावण्यापेक्षा आपण काम करून दाखवावे, अशी त्यांची रीत होती. 'गुरुजी' हे नाव त्यांना सरकारने दिले नाही. ते मुलांच्या प्रेमातून आले.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि त्यात उडी घेतली. मग तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचने गुरुजींनी भराभर लिहून घेतली. 'गीता प्रवचने' म्हणून जे पुस्तक आज घरोघर आहे, ते त्यांच्या लेखणीमुळे आपल्याला मिळाले. विनोबा बोलले, गुरुजींनी लिहिले. आई बोलली, तेही गुरुजींनीच लिहिले. चांगले बोलणे वाऱ्यावर जाऊ द्यायचे नाही, असा त्यांचा स्वभावच होता.

पुस्तकात काय आहे?

'श्यामची आई' या पुस्तकात धडे नाहीत, 'रात्री' आहेत. श्याम नावाचा मोठा झालेला माणूस आश्रमात राहतो. रोज संध्याकाळी प्रार्थना झाली, की तो मित्रांना आपल्या आईची एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. श्याम म्हणजे बहुतेक गुरुजी स्वतःच. एक रात्र वाचायला फार वेळ लागत नाही. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला हे फार सोयीचे आहे. रोज एक रात्र वाचावी. दीड महिन्याच्या आत पुस्तक पुरे होते.

त्यातल्या काही गोष्टी थोडक्यात पाहू.

'मुकी फुले' या रात्री श्याम फुलांच्या हावेपोटी झाडावरच्या कळ्याच तोडून आणतो. दुसऱ्या मुलांच्या आधी आपल्याला मिळाव्यात, एवढाच विचार. आई त्याला समजावते, की कळीला झाडावरच नीट फुलू द्यावे. आपल्या द्राक्षबागेत काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मणी भरण्याआधी घड तोडला, तर काय हाती येते?

'अळणी भाजी' ही गोष्ट तर प्रत्येक घरातली आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक शब्द न बोलता जेवतात. ते बोलत नाहीत, म्हणून मुलेही बोलत नाहीत. शेवटी आई जेवायला बसते, तेव्हा तिच्या ध्यानात येते. जिने राबून रांधले, तिचे मन मोडू नये, असे वडिलांना वाटले. आणि आपण सगळ्यांना अळणी जेवू घातले, याचे आईला वाईट वाटले. ही गोष्ट मुलांना वाचून दाखवताना घरातल्या पुरुषांनीही कान द्यावा. कालवणात मीठ कमी पडले, म्हणून ताट भिरकावणारे आपल्यात अजून आहेत.

'श्यामचे पोहणे' या रात्री श्याम पाण्याला भितो आणि लपून बसतो. आई त्याला बाहेर काढते, मारते आणि पोहायला पाठवते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, असे तिला वाटते. नंतर तिलाच वाईट वाटते. ही गोष्ट वाचून आपण मारणे शिकायचे नाही. भीती मोडायची, हे शिकायचे. गोदावरी आणि कादवा आपल्या तालुक्यातून वाहतात. घरोघर विहिरी आणि शेततळी आहेत. मुलाला जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे शिकवले, तर त्याचा जीव वाचतो.

अर्धे पाऊल आणि पुढचे पाऊल

'देवाला सारी प्रिय' ही रात्र नीट वाचा. एक म्हातारी सरपणाची मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडते. तिला ती एकटीने डोक्यावर घेता येत नाही. म्हातारी त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतली. श्याम ब्राह्मणाचा मुलगा. कोणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, की जा, तिला मोळी उचलून दे, मग घरी येऊन आंघोळ कर.

हे वाचून आजचे मूल विचारील, "मोळी उचलून दिली, हे चांगले केले. मग आंघोळ कशाला?"

मुलाचा प्रश्न बरोबर आहे. त्याला गप्प करू नका. सांगा, की ती आंघोळ चुकीचीच होती. माणसाच्या शिवण्याने माणूस बाटत नाही. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. त्या घटनेने अस्पृश्यता बंद केली. ती पाळणे हा आज गुन्हा आहे. पण श्यामची आई ही त्याच्या कितीतरी आधीच्या खेड्यात राहत होती. सगळे गाव विरुद्ध असताना तिने अर्धे पाऊल टाकले.

पुढचे पाऊल तिच्या मुलाने टाकले. पंढरपूरच्या विठोबाच्या देवळात तेव्हा हरिजनांना जाऊ देत नसत. चोखोबांसारखा संत ज्या विठोबाचा भक्त, त्या विठोबाच्या दारात चोखोबांच्या लोकांना मज्जाव! गुरुजी गावोगाव फिरले, लोकांना समजावत राहिले. शेवटी १ मे १९४७ पासून ते पंढरपूरला उपोषणाला बसले. दहा दिवसांनी, १० मे रोजी उपोषण सुटले आणि देवळाचे दार सर्वांना मोकळे झाले.

म्हणून या पुस्तकाची ओळख करून देताना आईची माया एवढेच सांगून थांबू नये. आईने लहानपणी मनात टाकलेले बी मुलाच्या हातून कसे वाढले, तेही सांगावे. आपण आपल्या पोरांना सगळे पुरते सांगू शकू, असे नाही. पण जेवढे खरे आहे, तेवढे सांगितले, तर पुढचे पाऊल ती टाकतात.

कर्जाची पाने गाळू नका

काही जण मुलांना वाचून दाखवताना दुःखाची पाने उलटून टाकतात. तसे करू नका. या पुस्तकात एक रात्र कर्जावर आहे. सावकाराच्या माणसाकडून होणारा अपमान त्यात आहे. तेल आहे तर मीठ नाही, अशा संसाराची एक रात्र आहे. जप्तीने गावात अब्रू कशी जाते, ते आहे.

आपल्या तालुक्यात कर्ज म्हणजे काय, हे मुलांना माहीत असते. कांद्याचा भाव पडला, गारपिटीने बाग झोपली, की घरात बोलणे बंद होते. बाप गप्प बसतो, आई चुलीपुढे डोळे पुसते. मुलांना वाटते, आपलेच काही चुकले. अशा घरात ही पाने मोठ्याने वाचली गेली, तर मुलांना कळते, की हे दुःख आपल्या एकट्याचे नाही. आणि मोठ्यांनाही बोलायला तोंड फुटते.

मूल कधी विचारील, "गुरुजी मग कसे वारले?" तेव्हा खोटे सांगू नका. मूल जाणते असेल, तर सांगा. गुरुजींचे मन फार हळवे होते. स्वराज्य आले, तरी जातीची, धर्माची भांडणे मिटली नाहीत. त्यांना खोल निराशा आली आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन स्वतः संपवले. साऱ्या महाराष्ट्राला त्याचे दुःख झाले. लगोलग हेही सांगा, की दुःख कितीही मोठे असले, तरी ते मनात कोंडून ठेवायचे नाही. घरच्यांना सांगायचे, मित्राला सांगायचे, डॉक्टरला सांगायचे. एवढे बोलणे घरात झाले, तरी पुष्कळ झाले.

गुरुजींची आणखी पुस्तके

'श्यामची आई' वाचून झाली, की पोरे म्हणतील, "आता दुसरे वाचा." मग काय वाचावे?

'श्याम' या पुस्तकात श्यामच्या शिक्षणाची पुढची हकिकत आहे. 'धडपडणारी मुले' ही शिकणाऱ्या, देशासाठी झटणाऱ्या मुलांची कथा आहे. ती थोड्या मोठ्या मुलांसाठी. 'सुंदर पत्रे' म्हणजे गुरुजींनी आपली पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे. पत्रातून किती गोष्टी शिकवता येतात, ते त्यात दिसते.

'मनूबाबा' ही एका विणकराची गोष्ट. त्याने जमवलेले सोन्याचे नाणे चोरीला जाते आणि काही दिवसांनी त्याच्या झोपडीत एक लहान पोर येते. सोने गेले, माणूस मिळाले. ही मूळची इंग्रजी कादंबरी. जॉर्ज एलियट या बाईंनी ती १८६१ साली लिहिली. गुरुजींनी तिला मराठी कपडे चढवले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि तमिळातले 'कुरळ' त्यांनी मराठीत आणले. चांगले कोठेही असो, आपल्या माणसांना ते कळले पाहिजे, असे त्यांना वाटे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते.

बायांना 'स्त्री जीवन' हे पुस्तक आवडेल. जात्यावर दळताना बाया ज्या ओव्या म्हणतात, त्या गुरुजींनी गोळा करून त्यात घातल्या. तुमच्या आजीच्या तोंडी असलेली एखादी ओवी त्यात सापडायची! जिला अक्षर येत नव्हते, तिचेही बोलणे पुस्तकात बसते, हे पोरांना दाखवा.

घरी कसे वाचावे?

आधी आपण एकटे ती रात्र वाचून ठेवावी. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढावी आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी विचारावे. कोकणातले काही शब्द आपल्याकडे नाहीत. ते अडले, तर लाजू नये. शिकल्यासवरल्यांनाही ते अडतात.

मग मुलांपुढे सावकाश, मोठ्याने वाचावे. घाई नको. मध्येच मुलाने वाचायला मागितले, तर द्यावे. त्याचे चुकले, तर हसू नये. तुमचे चुकले आणि मुलाने सांगितले, तर रागावू नये.

वाचून झाल्यावर फार उपदेश करू नये. "बघ, श्याम कसा होता, नाहीतर तू!" असे तर कधीच म्हणू नये. श्याम काही देवाघरून शहाणा होऊन आला नव्हता. तो भितो, हट्ट करतो, एकदा चोरीही करतो. तो चुकतो आणि आई त्याला सावरते, म्हणूनच ते पुस्तक मुलांना आपले वाटते. मुलाला इतकेच विचारावे, "तुला काय वाटलं?" आणि मग ऐकावे.

पुस्तक मिळवणे अवघड नाही. गुरुजींच्या पुस्तकांवरचा हक्क २०१० साल संपताच मोकळा झाला. त्यामुळे पुष्कळ जण 'श्यामची आई' छापतात आणि ती स्वस्तात मिळते. शाळेच्या पेटीत, वाचनालयात ती बहुधा असतेच. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर १९५३ साली चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. २०२३ साली पुन्हा एक नवा चित्रपट निघाला. ते मुलांना जरूर दाखवावेत. पण आधी पुस्तक. चित्रपटातला श्याम सगळ्यांना सारखाच दिसतो. पुस्तकातला श्याम ज्याचा त्याचा निराळा असतो.

शेवटी एक छोटे काम. घरात जुनी वही असेल, ती काढा. पुस्तकाची एक रात्र वाचून झाली, की आपल्या आईची किंवा आजीची एक आठवण मुलांना सांगा. तिने दुष्काळात घर कसे चालवले, कोणती ओवी म्हटली, कशासाठी रागावली, कशासाठी रडली. चार ओळी तुम्ही लिहा. चार ओळी मुलाला लिहू द्या. अक्षर वाकडे आले, तरी चालेल. खाली तारीख घाला.

तुमच्या आईला जे लिहिता आले नाही, ते तुम्हाला आता लिहिता येते. मग ती वही आजच उघडा.